सीए ते व्हेंचर कॅपिटल: हिशोबाच्या दाराने आत जाता येतं

हिरवी टिक

गेल्या महिन्याभरात आमच्या जुन्या ऑफिसातल्या दोन आर्टिकल्सनी (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांनी), मावसबहिणीच्या मुलीने आणि या फोरमवरच्याच एका सभासदाने व्यक्तिगत निरोप पाठवून मला एकच प्रश्न विचारला: सीए करून व्हेंचर कॅपिटलमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या फंडांत, जाता येतं का? चौघांना चार उत्तरं देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

मी सीए आहे, मूळची सांगलीची. अकरा वर्षं मुंबईत आहे, त्यातली सात एका मध्यम आकाराच्या फंडात. सुरुवातीला फंडाचे हिशोब बघायचे, आता गुंतवणुकीच्या टीममध्ये आहे.

तर उत्तर आहे, हो, जाता येतं. पण बहुतेक सीए गुंतवणूक अॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करतात, आयआयटी-आयआयएमवाल्यांच्या रांगेत उभे राहतात, आपलं ऑडिट बायोडेटाच्या तळाशी ढकलतात आणि नकार घेऊन परत येतात. मी उलट सांगेन. हिशोब वर ठेवा. त्याच्याच जोरावर आत जा.

आधी माझी गोष्ट सांगते, म्हणजे मुद्दा कळेल.

आर्टिकलशिप सांगलीत झाली. कॅश क्रेडिटवर, म्हणजे मालावर मिळणाऱ्या बँकेच्या कर्जावर, चालणाऱ्या हळदीच्या व्यापाऱ्यांचं स्टॉक ऑडिट हे आमच्या ऑफिसचं नेहमीचं काम. पहिल्याच वर्षी एका गोदामात मी दाराशी उभं राहून लांबीला किती पोती, रुंदीला किती, उंचीला किती थर ते मोजलं आणि गुणाकार केला. आकडा स्टॉक स्टेटमेंटशी जुळला, टिक मारली. दुपारी आमचे सर आले. काही न बोलता चपला काढून थप्पीवर चढले आणि मला वर बोलावलं. मधला भाग विहिरीसारखा पोकळ होता. चारी बाजूंनी पोत्यांची भिंत आणि आत अंधार. सर एवढंच म्हणाले, "गुणाकार बरोबर आहे. वर चढायचं राहिलं."

पुढे मुंबईत तीन वर्षं स्टॅच्युटरी (कायद्याने सक्तीचं) ऑडिट केलं, मग फंडांचे हिशोब सांभाळणाऱ्या एका फंड अॅडमिनिस्ट्रेटर कंपनीत गेले आणि तिथून या फंडाच्या फायनान्स टीममध्ये. करोनाच्या आधीची गोष्ट. आमचा फंड एका ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीत १२ कोटी घालणार होता. ड्यू डिलिजन्स (पैसे घालण्याआधीची तपासणी) करणाऱ्या फर्मचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून एका पार्टनरने मला म्हटलं, भिवंडीच्या गोदामात जाऊन स्टॉक बघून ये.

स्टॉक जुळत होता. पण मागच्या रॅकपलीकडे भिंतीला लागून कुरिअरच्या करड्या पिशव्यांचा ढीग होता. पाटणा, गुवाहाटी, इंदूर असे पत्ते. लेबलवरच्या तारखा अडीच महिन्यांपूर्वीच्या. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "हे परत आलेलं आहे ताई. उघडायला माणूस नाही म्हणून इकडे टाकलंय." मी बसून मोजल्या. १,१४० पिशव्या.

संध्याकाळी कंपनीची पुस्तकं उघडली. माल गोदामातून निघाला की विक्रीची नोंद व्हायची. परतीची नोंद मात्र पिशवी उघडून माल पुन्हा रॅकवर लावला की मगच. म्हणजे न उघडलेली प्रत्येक पिशवी पुस्तकात विकलेली होती. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी वेगळ्या काढल्या तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा परत येत होता आणि प्रत्येक परतीला जाण्या-येण्याचं कुरिअर भाडं कंपनीच्या अंगावर पडत होतं.

ती कंपनी चालवणारी मुलं लबाड नव्हती. कुणी त्यांना हे मांडून दाखवलं नव्हतं, एवढंच. ऑडिटर असते तर मी शेरा लिहून मोकळी झाले असते. इथे तसं करून भागत नव्हतं. रात्री बसून परतीसह प्रत्येक ऑर्डरमागे काय उरतं ते पुन्हा काढलं. आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर धंदा नीट उभा राहत होता. फंडाने पैसे घातले, व्हॅल्युएशन (कंपनीची धरलेली किंमत) खाली आणून आणि रोखीच्या ऑर्डरींचं प्रमाण कमी करण्याची अट घालून. पुढच्या इन्व्हेस्टमेंट कमिटीला मला बसायला बोलावलं. तिथून मी या बाजूला आले.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

पंचगंगाकाठ

ताई, थप्पीची गोष्ट वाचून माझी आर्टिकलशिप आठवली. मी २७ वर्षांचा, मूळ कोल्हापूर, सध्या पुण्यात स्टॅच्युटरी ऑडिटमध्ये तिसरं वर्ष. सीए फायनल दुसऱ्या अटेम्प्टला झालो. लिंक्डइनवर फंडांची पानं बघतो तर सगळे आयआयटी, आयआयएम नाहीतर परदेशातलं एमबीए. रँक नाही, मोठं कॉलेज नाही. नेमकं कुठून सुरुवात करू? सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) करू का?

हिरवी टिक

पंचगंगाकाठ, तुम्ही जे बघताय ते खरं आहे. मोठ्या फंडांत गुंतवणुकीच्या बाजूची ज्युनिअर जागा अशाच कॉलेजांतून भरली जाते आणि त्या जागा मुळात फार थोड्या असतात. खोटी आशा दाखवणार नाही. पण फंडाभोवती बरीच कामं आहेत आणि तिथे सीए नसेल तर अडतं.

पहिली वाट ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेसची, म्हणजे फायनान्शियल ड्यू डिलिजन्स. ऑडिटमधून तिकडे बदली मागता येते, कित्येकदा त्याच फर्ममध्ये. दोन वर्षांत वीसेक कंपन्या आतून बघून होतात. एका कंपनीचं ऑडिट पाच वर्षं केलेल्या माणसापेक्षा ही नजर वेगळी होते. दुसरी वाट व्हेंचर डेटची. ट्रायफेक्टा, अल्टेरिया, इनोव्हेन या संस्था स्टार्टअप्सना कर्ज देतात. तिथे रोख किती महिने पुरेल, हप्ता कुठून येईल हे वाचणारा माणूस लागतो आणि तो आपणच असतो. तिसरी, एखाद्या स्टार्टअपच्याच फायनान्स टीममध्ये जाणं. भांडवल उभं करण्याची एक फेरी आतून बघितलीत तर टर्मशीटमधलं (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातलं) प्रत्येक कलम कुणाच्या अंगावर येतं ते कायमचं समजतं. चौथी माझी, फंड अकाउंटिंगची. ती सगळ्यात संथ आहे, पण दार सगळ्यात उघडं आहे.

सीएफए करायचं तर करा, अभ्यास चांगला आहे. पण बायोडेटावर आणखी तीन अक्षरं चढवून मुलाखतीचा फोन येईल या भरवशावर करू नका. त्यापेक्षा पुढच्या दोन महिन्यांत एक काम करा. मी स्वतः नवीन मुलं घेताना हेच विचारते, म्हणून नीट लिहिते.

तुम्हाला मनापासून आवडणारी एक खासगी कंपनी निवडा, जिने दोन-तीन वेळा भांडवल उभं केलंय. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरले की तिची सार्वजनिक कागदपत्रं बघता येतात. त्यातले पीएएस-३ काढा. खासगी वाटपानंतर १५ दिवसांत हा फॉर्म भरावा लागतो आणि तो भरेपर्यंत आलेले पैसे वापरताही येत नाहीत. त्याच्या जोडपत्रात कुणाला किती शेअर, कोणत्या प्रीमियमने दिले ते असतं. मग एमजीटी-७ (वार्षिक विवरण) मधून ३१ मार्चची भागधारणा घ्या, एओसी-४ मधून ताळेबंद. आणि खरा खजिना आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये (एओए, म्हणजे कंपनीची नियमावली) असतो. गुंतवणूकदारांशी झालेल्या करारातले हक्क तिथे उतरवलेले असतात. लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली तर आधी पैसे कुणाला), अँटी-डायल्यूशन (पुढे कमी दराने शेअर निघाले तर संरक्षण), कोणत्या निर्णयाला कुणाची संमती, सगळं. सुधारित एओए बहुधा एमजीटी-१४ या ठरावांच्या फॉर्मला जोडलेला सापडतो.

एवढ्यावरून स्वतःच्या हाताने कॅप टेबल (कुणाकडे किती शेअर याचा तक्ता) बांधा. उदाहरण देते. संस्थापकांचे १०,००० शेअर, ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर) १,०००, आणि नव्या गुंतवणूकदाराला २,७५० सीसीपीएस (पुढे सक्तीने इक्विटीत रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर), दर ३६,००० रुपये. आले ९.९ कोटी. एकूण १३,७५० शेअर धरून पोस्ट-मनी (नवे पैसे धरूनचं) व्हॅल्युएशन ४९.५ कोटी, गुंतवणूकदार २० टक्के. आता ही कंपनी २० कोटींना विकली गेली असं समजा. २० टक्के म्हणजे ४ कोटी असं सरळ मनात येतं. पण एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग प्रेफरन्स असेल तर गुंतवणूकदार आधी आपले ९.९ कोटी काढून घेतो. पार्टिसिपेटिंग असेल तर ९.९ घेऊन उरलेल्या १०.१ मध्येही २० टक्के घेतो, म्हणजे ११.९२ कोटी. एका शब्दाने संस्थापकांच्या हातातले दोन कोटी जातात. हे ज्याला कागदावरून वाचता येतं, त्याला मी कॉलेज विचारत नाही.

त्यावर दोन पानांची टिपण लिहा: मी आज पैसे घातले असते का, किती किमतीला, आणि का. ती टिपण घेऊन लोकांना भेटा.

दोन रकाने

धागा वाचून बरं वाटलं. मी नाशिकला प्रॅक्टिसमध्ये आहे, वय ५४. पाचवी वाट माझ्याकडून. व्हॅल्युएशन, म्हणजे कंपन्यांची किंमत ठरवण्याचं काम.

कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली २०१७ चे रजिस्टर्ड व्हॅल्युअरचे नियम आले. सीएला सभासदत्वानंतर तीन वर्षांचा अनुभव, ५० तासांचं प्रशिक्षण आणि आयबीबीआयची (दिवाळखोरी मंडळाची) परीक्षा, एवढं केलं की सिक्युरिटीज किंवा फायनान्शियल असेट्स या वर्गात नोंदणी होते. मी वयाच्या ४८ व्या वर्षी परीक्षा दिली. मुलगा बारावीला होता, आम्ही दोघं एकाच टेबलावर अभ्यास करत होतो.

आपल्याकडे एकाच शेअरची किंमत तीन कायद्यांसाठी ठरवावी लागायची आणि सही करणारा प्रत्येक ठिकाणी वेगळा असू शकायचा. परदेशी पैसा असेल तर फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) सीएची सही चालते. कंपनी कायद्याखालच्या वाटपाला रजिस्टर्ड व्हॅल्युअर लागतो. आयकराच्या नियम ११यूएमध्ये डिस्काउंटेड कॅश फ्लो पद्धतीसाठी (पुढे येणाऱ्या रोखीच्या अंदाजावरून किंमत काढण्यासाठी) पूर्वी सीए चालायचा. मे २०१८ मध्ये ते काढून फक्त मर्चंट बँकर ठेवला. तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ते फार लागलं होतं, मलाही. पण खरं सांगायचं तर आपल्याच काही लोकांनी संस्थापकाने दिलेला अंदाज जसाच्या तसा उचलून त्याखाली सह्या केल्या होत्या. पुढे २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्सच (रास्त किमतीपेक्षा जास्त दराने शेअर दिले तर वरच्या रकमेवर लागणारा आयकर) रद्द झाला, तो वाद संपला.

आता काम उलट वाढलं आहे. बाजार नियामक सेबीने एआयएफच्या (व्हेंचर फंडांसारख्या खासगी फंडांच्या) गुंतवणुकींचं स्वतंत्र व्हॅल्युअरकडून मूल्यांकन सक्तीचं केलं, २०२३ च्या नोव्हेंबरपासून. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या फंडांना ते दर सहा महिन्यांनी करावं लागतं, गुंतवणूकदारांनी ठरावीक बहुमताने संमती दिली तर वर्षातून एकदा. या कामात तुम्ही फंडाच्या सगळ्या कंपन्या एकत्र बघता. कुठली वाढतेय, कुठलीची किंमत खाली आणायला हवी आणि फंड मॅनेजर तयार होत नाही, हे सगळं. त्या खोलीत बसून फंड मॅनेजरला ठामपणे "ही किंमत टिकत नाही" सांगता आलं पाहिजे. माझ्याकडे काम करणारी एक मुलगी असंच काम करता करता एका फंडात गेली. त्यांनीच बोलावलं.

पहिला ग्राहक

थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका, पण मी टेबलाच्या पलीकडचा आहे. पुण्यात कंपनी काढली, दोनदा भांडवल उभं केलं, एकदा आठ महिने फिरूनही मिळालं नाही.

त्या आठ महिन्यांत एका फंडातल्या सीए साहेबांनी आमच्याकडून तीन वर्षांची लेजर्स मागितली. कंपनीला तेव्हा चौदा महिने झाले होते. मग प्रवासखर्चाच्या व्हाउचरवर चर्चा. पेट्रोलच्या पावत्या. आमचं सॉफ्टवेअर चालतं कसं, रुग्णालयं ते का घेतात, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. सातव्या भेटीनंतर ईमेल आला, "आकडे अजून परिपक्व नाहीत." तोपर्यंत आमच्याकडे पाच आठवड्यांचे पगार उरले होते. मी दोन माणसं कमी केली. त्यातला एक पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत होता.

म्हणून इथल्या तरुण मंडळींना कळकळीने सांगतो, या क्षेत्रात जरूर या, पण ज्या कंपनीला भूतकाळच नाही तिच्यात भूतकाळ शोधू नका. इन्फो एज या कंपनीने २०१० मध्ये झोमॅटोत पहिल्यांदा ४.७ कोटी घातले तेव्हा ताळेबंदात बघण्यासारखं काय असणार होतं?

हिरवी टिक

पहिला ग्राहक, राग कसला. वाचून वाईट वाटलं. आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे, कारण मीही हे केलंय.

गुंतवणुकीच्या बाजूला आल्यावर पहिल्याच वर्षी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी आली. दोन ग्राहकांकडून ७० टक्के विक्री. येणी १४० दिवसांची. मी टिपणीत हे दोन्ही ठळक लिहिलं आणि विरोध केला. सगळं खरं होतं. दोन ग्राहक होते कारण ते दोघे आपल्या प्रत्येक नव्या कारखान्यात तेच सॉफ्टवेअर लावत होते आणि पुरवठादारांनाही घ्यायला लावत होते. मी येण्यांचे दिवस मोजले. त्या कारखान्यात जाऊन सुपरवायझरला विचारलं नाही की हे उद्या बंद पडलं तर काय कराल. म्हणजे पुन्हा वर चढायचं राहिलं. दुसऱ्या फंडाने पैसे घातले आणि ती कंपनी आमच्या त्या वर्षीच्या सगळ्या कंपन्यांपेक्षा मोठी झाली.

ऑडिटमध्ये आपली चूक म्हणजे वाईट गोष्ट नजरेतून सुटणं. इथे चांगली कंपनी हातून सुटणं ही जास्त महाग चूक आहे. गणित बघा. २०० कोटींचा फंड वीस कंपन्यांत पैसे घालतो. त्यातल्या बऱ्याच बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात. एखाद्या कंपनीत विक्रीच्या वेळी आपला हिस्सा १० टक्के उरला असेल, तर त्या एकीने अख्खा फंड परत करायला ती २,००० कोटींची व्हायला हवी. बुडालेल्या कंपनीत जास्तीत जास्त घातलेले पैसे जातात. न घेतलेल्या कंपनीत किती गेले त्याला वरची मर्यादाच नाही. ही सवय लावून घ्यायला मला तीन वर्षं लागली. आता टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात मी "हे खरं ठरलं तर किती मोठं होईल" एवढंच लिहिते. धोके दुसऱ्या पानावर.

पण हिशोब वाचणं सोडा असं मात्र मी कुणालाही म्हणणार नाही. बायजूजचे २०२०-२१ चे आकडे यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं आणि तोटा निघाला ४,५८८ कोटी. त्यात मोठा भाग विक्री कधी धरायची याचा होता. अनेक महिने चालणाऱ्या कोर्सचे पैसे आधीच उत्पन्नात घ्यायचे की शिकवत जाऊ तसतसे? इंड एएस ११५ (विक्री कधी धरायची ते सांगणारं हिशोबाचं मानक) शिकलेल्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न पहिल्या दिवशी सुचतो. तो वेळेवर आणि मोठ्याने विचारणारं माणूस टेबलावर असावं लागतं. ते आपण असू शकतो, फक्त पेट्रोलच्या पावत्यांत अडकलो नाही तर.

अटलांटिकपार

न्यू जर्सीतून. इथे फंड अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये बारा वर्षं आहे. वाट तशीच आहे, पण भिंत जास्त उंच. फंडाचा कंट्रोलर (हिशोबप्रमुख), मग सीएफओ (अर्थविभागाचा प्रमुख) असं वर जाता येतं, सन्मानही आहे, पण डीलच्या बाजूला उडी मारणारे मी दोनच पाहिले. त्यामुळे ज्यांना गुंतवणूकच करायची आहे त्यांनी फंड अकाउंटिंगमध्ये चार वर्षांपेक्षा जास्त थांबू नये असं मला वाटतं. लोकांच्या डोळ्यांत तुमची एक जागा ठरून जाते, मग ती हलत नाही.

रविवार पेठ

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. फंड अकाउंटिंगमध्ये नोंदी करण्यापलीकडे खरंच काही शिकायला मिळतं का? आणि सीएला पुढे स्वतःचा छोटा फंड काढता येतो का? आमच्या ओळखीत पैसे गुंतवायला तयार असलेले बरेच उद्योजक आहेत, भोसरी-चाकणकडचे.

हिरवी टिक

रविवार पेठ, पहिल्याचं उत्तर एका हिशोबाने देते.

१०० कोटींचा फंड. सोयीसाठी समजू की सगळे पैसे पहिल्या दिवशी आले आणि सहा वर्षांनी एकदम २५० कोटी झाले, फी बाजूला ठेवू. करारात लिहिलंय: ८ टक्के हर्डल, त्यावर २० टक्के कॅरी (नफ्यातला मॅनेजरचा वाटा). म्हणजे गुंतवणूकदाराला आधी वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने मिळणार. सहा वर्षांत १०० चे १५८.६९ कोटी होतात. उरले ९१.३१. त्याचे २० टक्के १८.२६ कोटी, ते मॅनेजरचे.

आता त्याच करारात "कॅच-अप" हा शब्द असेल, तर हर्डल दिल्यावर पुढचे १४.६७ कोटी सगळे मॅनेजरला जातात, त्याचा वाटा एकूण नफ्याच्या २० टक्क्यांना पोहोचेपर्यंत. मग उरलेले ७६.६४ कोटी ८०:२० वाटले जातात. मॅनेजरला एकूण ३० कोटी. एका कलमाने ११.७४ कोटींचा फरक. मी हा वॉटरफॉल (पैसे कुणाला कोणत्या क्रमाने जातात तो हिशोब) पहिल्यांदा एक्सेलमध्ये बांधला तेव्हा आमच्या एका पार्टनरला स्वतःच्याच फंडाचं हे कलम नीट ठाऊक नव्हतं. फंड कसा विचार करतो, आठव्या वर्षी तो कंपनी विकायची घाई का करतो, हे इथे बसून कळतं. अटलांटिकपार यांचा इशारा मात्र रास्त आहे. मी चौथ्या वर्षी स्पष्ट मागितलं. भिवंडीचा अनुभव पाठीशी होता म्हणून मिळालं.

कॅरीबद्दल एक. ती मिळायची तर आठ-दहा वर्षांनी मिळते आणि कित्येक फंडांत मिळतच नाही. घराचा हप्ता पगारातून निघत असेल तरच या क्षेत्रात या.

दुसरा प्रश्न. सेबीच्या एआयएफ नियमांत फंडाचा किमान आकार २० कोटी, प्रत्येक गुंतवणूकदाराचे किमान १ कोटी. पहिल्या वर्गात (व्हेंचर फंड यात येतात) प्रायोजकाने, म्हणजे फंड काढणाऱ्याने, स्वतःचे अडीच टक्के किंवा ५ कोटी, यातलं जे कमी ते घालायचं. म्हणजे २० कोटींच्या फंडाला तुमचे ५० लाख. टीममधल्या किमान एका व्यक्तीने एनआयएसएमची (सेबीने काढलेल्या प्रशिक्षण संस्थेची) एआयएफ मॅनेजरची परीक्षा दिलेली हवी, आणि एकाकडे व्यावसायिक पात्रता हवी. त्या पात्रतेच्या यादीत सेबीने अकाउंटन्सी स्पष्ट लिहिलेली आहे. सीएची पदवी तिथे उपयोगी पडते.

अडचण पुढे आहे. २ टक्के फी धरली तर २० कोटींवर वर्षाला ४० लाख. त्यात ट्रस्टी, ऑडिट, व्हॅल्युएशन, वकील, ऑफिस आणि दोन माणसांचे पगार बसत नाहीत. शिवाय एका कंपनीत गुंतवणुकीयोग्य रकमेच्या २५ टक्क्यांवर जाता येत नाही. त्यामुळे आधी त्या उद्योजकांबरोबर दोन-तीन थेट एंजल गुंतवणुका करा, स्वतःचे थोडे पैसे घालून. प्रत्येकीची टिपण लिहून तारखेसह ठेवा. चाकणच्या लोकांना यंत्रं आणि उत्पादन कळतं, हे मुंबईतल्या फंडांकडे नाही. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे शास्त्रज्ञांनी काढलेल्या कंपन्या असतात, त्यांना असाच माणूस हवा असतो. सुरुवात तिथून करा असं मी सुचवेन.

दोन रकाने

थोडी भर. टी. व्ही. मोहनदास पै सीए. इन्फोसिसचे सीएफओ होते, तिथून पुढे आरिन कॅपिटल आणि थ्रीवनफोर हे फंड. पोरांनो, अपवाद म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी आधी एका कंपनीचे आकडे जगासमोर इतके उघडे मांडले की लोकांचा विश्वास बसला. भांडवल त्याच विश्वासावर येतं.

पंचगंगाकाठ

ताई, तीन आठवड्यांनी परत लिहितोय. तुम्ही सांगितलेलं काम घेतलं. पुण्यातली एक कंपनी निवडली, १०० रुपये भरले, दोन शनिवार-रविवार घालवले. ऑडिटमध्ये इतके एमजीटी-७ भरले, पण कधी असे वाचले नव्हते.

एका ठिकाणी अडलोय. संस्थापकांचे मिळून २०,००० इक्विटी शेअर आहेत. गुंतवणूकदाराचे २,५०० सीसीपीएस. ईसॉप अजून नाही. माझ्या हिशोबाने गुंतवणूकदार ११.१ टक्के येतो. पण संस्थापकाने जाहीर मुलाखतीत २० टक्के हिस्सा दिल्याचं सांगितलंय. मी रात्री दीडपर्यंत बेरजा तपासल्या, चूक सापडत नाही.

हिरवी टिक

बेरीज बरोबर आहे. सीसीपीएस एकास एक रूपांतरित होतात असं धरलंत ना? एओएमधलं कन्व्हर्जनचं कलम काढा. आणि त्या फेरीनंतरचे पीएएस-३ पुन्हा बघा, मधे बोनस शेअर दिलेत का?

पंचगंगाकाठ

सापडलं!! फेरीनंतर सात महिन्यांनी इक्विटीवर एकास एक बोनस. तो पीएएस-३ मी "पैसे आले नाहीत" म्हणून बाजूला ठेवला होता. एओएमध्ये लिहिलंय की बोनस दिला तर रूपांतराचं प्रमाण त्याच पटीत बदलेल. म्हणजे २,५०० चे ५,०००. एकूण २५,०००. बरोबर २० टक्के.

टिपण लिहून झालीये, अडीच पानं. मी पैसे घातले असते असं लिहिलंय, पण त्यांच्या गेल्या फेरीपेक्षा कमी किमतीला. पाठवू का?

हिरवी टिक

पाठवा. एओएचं ते पान आणि कॅप टेबलची एक्सेल फाइलही जोडा, फॉर्म्युल्यांसकट. रविवारी सकाळी बसून वाचते. आणि त्या कंपनीचा एक तरी ग्राहक तोपर्यंत गाठून ठेवा. पुण्यातच आहेत ना?